सहा महिन्यांची गोळी आणि सहा महिन्यांचा हंगाम

दसरा तोंडावर आलाय. मुकादमांच्या उचली वाटून झाल्यात, ट्रॉल्या वेल्डिंगवाल्याकडं उभ्या आहेत आणि दिवाळीच्या आगेमागे आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतील. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-पुण्याकडं, कुणी थेट बेळगावच्या पट्ट्यात. यातल्या काहींच्या पिशवीत भाकरीच्या पिठाबरोबर टीबीच्या गोळ्यांची पाकिटं असणार आहेत. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत त्यातली किती पाकिटं रिकामी होतील, हा आजचा विषय. पोस्ट मोठी आहे. पण निघायला अजून काही आठवडे आहेत, म्हणून आत्ताच लिहितोय. मार्चमध्ये लिहून उपयोग नाही.

मार्चमध्ये आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन. शाळेच्या पोरांची रॅली, ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’चा बॅनर, फोटो, बातमी. अशा बातम्या मी वीस वर्षं लावतोय. त्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘रुग्णांनी औषधोपचार अर्धवट सोडू नयेत.’ वाक्य बरोबरच आहे. पण ते ज्यांच्यासाठी आहे, त्यातली कितीतरी माणसं त्या दिवशी गावात नसतात. ती फडात असतात.

आपल्याकडं औषध सोडलेल्या पेशंटला एक शब्द आहे, ‘डिफॉल्टर’. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तोच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये हा शब्द आपल्या व्याख्येतून काढला आणि ‘पाठपुराव्यातून निसटलेला’ अशा अर्थाचा शब्द घेतला. फरक साधा आहे. पहिल्या शब्दात दोष पेशंटचा. दुसऱ्यात प्रश्न असा की पाठपुरावा कोण करत होतं आणि माणूस कुठून निसटला? आपल्या तालुक्यात अजूनही पहिलाच शब्द चालतो. माझं म्हणणं असं आहे की आपल्या भागातले बरेच ‘डिफॉल्टर’ औषध सोडत नाहीत, त्यांच्या हातून औषध सुटतं. कुठं आणि का सुटतं, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग अडवायचं का नाही?

आधी औषधाचं समजून घेऊ. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅमब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकी तीन. हे सगळं एकाच गोळीत येतं आणि वजनाप्रमाणं रोज दोन, तीन, चार अशा गोळ्या घ्यायच्या. आधी आठवड्यातून तीनदा असायच्या, २०१७ पासून देशभर रोज झाल्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

सहा महिने का? कारण टीबीचे जंतू सगळे एका चालीचे नसतात. भराभर वाढणारे पहिल्या काही आठवड्यांत मरतात. मग खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. माणूस म्हणतो, झालो बरा. पण सुस्त पडून राहिलेले जंतू अजून आत असतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. बरं वाटणं आणि बरं होणं यात हे चार महिने आहेत. मध्येच सोडलं तर राहिलेले जंतू पुन्हा डोकं काढतात, आणि गोळ्या कधी घेतल्या कधी नाही असं चालू राहिलं तर त्या औषधांना दाद न देणारा टीबी तयार होऊ शकतो. त्याचा उपचार परवापरवापर्यंत दीड वर्षाहून जास्त चालायचा. आता पात्र पेशंटसाठी त्यातही सहा महिन्यांचा नवा कोर्स आहे, केंद्रानं त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पण ती औषधं जड, तपासण्या जास्त, आणि खोकल्यातून घरच्यांना लागण झाली तर तीही त्याच जातीची.

आता दुसरं कॅलेंडर बघा. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडतो. पाच-सहा महिने. म्हणजे ज्याचा टीबी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सापडला, त्याचे पहिले दोन महिने गावात जातात. आशाताई घरी येते, सिस्टर फोन करते, गोळ्या सुरळीत चालतात. नेमकं बरं वाटायला लागतं आणि टोळी निघते. कोर्सचा जो भाग सोडायला सगळ्यात सोपा, तोच परमुलखात जातो.

गेल्या उन्हाळ्यात टोळ्या परत आल्यावर मी काही घरांत बसून बोललो. नावं, गावं लिहिणार नाही. एकानं सरळ हिशोब मांडला. म्हणाला, ‘भाऊ, दवाखाना कारखान्याच्या गावात. आमची कोपी तिथून बारा किलोमीटर. गोळ्या आणायला गेलो की दिवस गेला. दिवस गेला की खाडा. आणि मी एकटा नाही, कोयता आमच्या दोघांचा.’

ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडीच्या नावावर घेतलेली असते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. एक जण बसला की दुसऱ्याचं कामही बसतं. वरून खाडा म्हणजे दंड. दिवसाला पाचशे, कुठं त्याहून जास्त, उचलीत जमा होतो. म्हणजे सरकार जी गोळी फुकट देतं, ती आणायला एका जोडीची दिवसाची मजुरी आणि वर दंड लागतो. फुकटची गोळी इतकी महाग पडत असेल तर ती सोडणाऱ्याला अडाणी म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

खाडा माणसाच्या शरीराचे निर्णय कसे घेतो, हे आपल्या जिल्ह्यानं आधी पाहिलंय. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं पाहणी केली, तेव्हा बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा नको, हेही त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. खाडा नको म्हणून जिथं गर्भाशय जातं, तिथं चार गोळ्या कशा टिकतील?

दुसरं कारण पोट. या गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगतात. फडातली सकाळ पहाटे तीन-चारला होते. गोळ्या घेऊन माणूस थंडीत ऊस तोडायला लागतो. मळमळ होते, उलटी होते, सांधे धरतात, हातापायाला मुंग्या येतात, लघवी नारिंगी होते. लघवीचा रंग बदलणं हा रिफाम्पिसिनचा गुण आहे, त्यानं काही बिघडत नाही. पण हे कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो आणि आपल्या मनानं गोळी बंद करतो. मुंग्यांसाठी बी-६ ची गोळी असते. मळमळीवर डॉक्टर वेळ बदलून देऊ शकतात. पण डोळे-लघवी पिवळी झाली, नजर अंधुक झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायला हवं. हे सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात. ओपीडीच्या रांगेत ती पाच मिनिटं मिळत नाहीत.

आणि खायलाच कमी असेल तर? झारखंडमध्ये भारतीय संशोधकांनी मोठा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकांत आला. पेशंटच्या घरच्यांना जादा धान्य, डाळ असा आहार दिला तर त्या घरात नवीन टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं तर मृत्यूचा धोका बराच कमी होतो, हेही त्यात दिसलं. म्हणून तर सरकार निक्षय पोषण योजनेत पैसे देतं. २०१८ पासून महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. चांगलं आहे. पण ते बँक खात्यात येतात. खात्याला आधार जोडलेलं नाही, खातं बंद पडलंय, पासबुक गावात सासूकडं, असे अडथळे मी दर दुसऱ्या घरात ऐकले. पैसे कोर्स संपल्यावर आले तर ते पोषण कसलं?

तिसरं कारण लाज. पुरुषाला टीबी झाला तर घर काळजी करतं. सुनेला झाला तर घर कुजबुजतं. लग्न ठरायच्या पोरीला झाला तर घर लपवतं. एका बाईनं मला सांगितलं, ‘गोळ्या मी तांदळाच्या डब्यात ठेवायचे. नणंद आली की दोन-दोन दिवस डबाच उघडला नाही.’ कोपीत तर भिंतही नसते, सगळ्या टोळीसमोर गोळी खायची. टोळीला कळलं तर पाण्याचा हंडा वेगळा करतील, मुकादमाला कळलं तर उचलच देणार नाही, ही भीती खोटी नाही. खरं असं आहे की योग्य औषध सुरू झालं की साधारण दोन-तीन आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. धोका गोळी खाणाऱ्यापासून कमी आणि न तपासता खोकणाऱ्यापासून जास्त आहे. आपण नेमकं उलटं वागतो. गोळी दिसली की लांब सरकतो आणि महिनाभर खोकणाऱ्याच्या शेजारी बसून चहा पितो.

दारूचं ही पोस्ट वाचताना तुमच्या मनात आलंच असेल. दारू हे कारण आहेच. दारू आणि टीबीची औषधं दोन्हींचा भार लिव्हरवर येतो आणि पिणारा गोळ्या चुकवतो. पण होतं काय, ‘दारू पिऊन गोळी घ्यायची नाही’ असं सांगितलेला माणूस दारू सोडत नाही, गोळी सोडतो. त्याला रागावून दवाखान्यातून घालवलं तर टीबी आणि दारू दोन्ही त्याच्याकडंच राहतात.

खासगीचंही बोलू. आपल्यातले बरेच जण आधी खासगीत जातात, पैसे संपले की सरकारीत येतात. मधल्या काळात काय औषध चाललं ते कुणालाच नीट माहीत नसतं. १९९१ मध्ये धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांच्या अभ्यासात टीबीसाठी औषधं लिहून देण्याच्या ८० वेगवेगळ्या पद्धती सापडल्या होत्या. काळ बदललाय, खासगी डॉक्टरांनाही पेशंटची सरकारकडं नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि आपल्या गावातले काही डॉक्टर ती मनापासून करतात. पण नोंद झाली म्हणजे पाठपुरावा झाला असं होत नाही.

आणि आता सरकारचा खाडा. २०२४ च्या मार्चमध्ये टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. केंद्रानं राज्यांना पत्र लिहून सांगितलं की तीन महिन्यांपुरती औषधं तुमच्या पातळीवर विकत घ्या. आपल्याकडंही पेशंटला महिन्याऐवजी आठवड्याच्या, कुठं तीन-चार दिवसांच्या गोळ्या देऊन ‘परत या’ सांगितलं गेलं. पेशंटनं गोळी चुकवली तर तो डिफॉल्टर. सरकारनं चुकवली तर त्याला कोणता शब्द आहे? २०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करायचा असं २०१८ मध्ये जाहीर झालं होतं. जगातल्या दर चार टीबी पेशंटांपैकी एक आजही भारतातला आहे.

‘म्हणजे पेशंटची काही जबाबदारीच नाही का?’ असं एका अधिकारी मित्रानं मला विचारलं. आहे. गोळी शेवटी त्यालाच गिळायची आहे. सगळी सोय असूनही सोडणारे मीही पाहिलेत. पण जबाबदारी हातात गोळी असलेल्या माणसाला विचारायची असते. हातात गोळीच नाही त्याला काय विचारणार?

यातलं काहीच नवीन नाही. १९६३ मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या संशोधकांनी खेड्यांत जाऊन पाहिलं. समज अशी होती की खेडूत आजार अंगावर काढतो. निघालं असं की लक्षणं असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याचं औषध घेऊन परत आले होते. त्याच्याही आधी, १९५६ पासून मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले, बाकीच्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरी तीच औषधं दिली. दोन्हीकडं निकाल जवळपास सारखे आले. त्यानंतर जगभर टीबीचा उपचार घरी व्हायला लागला. त्या प्रयोगात घरच्या पेशंटला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. कर्मचारी घरी जात, गोळ्या मोजत. साठहून जास्त वर्षांपूर्वी औषध झोपडीपर्यंत गेलं. मग ते कोपीपर्यंत का जात नाही?

जाऊ शकतं. त्यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको. आपल्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडं, ऊसतोड कामगार महामंडळाकडं आणि कारखान्यांकडं माझं मागणं एवढंच आहे:

१) टोळी निघण्याआधी प्रत्येक गावात एक दिवस तपासणी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं असेल त्याची थुंकी आणि एक्स-रे. जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणी व्हावी हे २०१९ च्या समितीनंही सांगितलं होतं. ती शिबिराचा फोटो काढण्यापुरती नको.

२) ज्यांचा कोर्स चालू आहे त्यांची यादी आत्ताच करा. कोण कुठल्या कारखान्याला जाणार, फोन कुणाचा लागेल. निक्षय पोर्टल सगळ्या देशाचं एक आहे, पेशंटची नोंद दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या राज्यातही वर्ग करता येते. ती माणूस निघायच्या आधी करा आणि तिकडच्या कर्मचाऱ्याचा नंबर त्याच्या हातात कागदावर द्या. ‘तिकडं गेल्यावर जवळच्या दवाखान्यात जा’ हे सांगणं म्हणजे सोय नव्हे.

३) निघताना किमान एक महिन्याच्या, जमेल तिथं दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्या. पोषण योजनेचं खातं चालू आहे का तेही तेव्हाच बघा.

४) कारखान्याच्या शेतकी विभागाला कुठल्या फडात कुठली टोळी आहे हे रोज माहीत असतं. ऊस वेळेवर गाळपाला यावा म्हणून चिटबॉय प्रत्येक फडात पोचतो. त्याच वाटेनं महिन्यातून एकदा आरोग्य कर्मचारी पोचू शकतो.

५) टीबीच्या तपासणीचा आणि औषध आणायचा दिवस खाड्यात धरायचा नाही. हे कारखान्यानं लेखी द्यावं आणि मुकादमाला सांगावं. मात्र पेशंटची मर्जी असल्याशिवाय त्याचा आजार मुकादमाला सांगायचा नाही. ‘तब्येतीचा दिवस’ एवढं पुरे.

६) आपल्या जिल्ह्यात टोळीतल्याच काही बायकांना ‘आरोग्य साथी’ म्हणून तयार केलं गेलंय. त्यांना टीबीच्या गोळ्यांचं, साइड इफेक्टचं शिक्षण द्या. पेशंटचा कोर्स पूर्ण करून घेणाऱ्याला सरकार एरवी मानधन देतं, ते यांना द्या. फडात पहाटे तीनला उठणाऱ्या बाईइतकं पेशंटच्या जवळ दुसरं कोण असणार?

आता तुमच्या-माझ्या वाट्याचं. तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी या गोळ्या घेत असेल आणि तोडीला निघणार असेल, तर त्याला आठवडाभर आधी दवाखान्यात पाठवा, जमलं तर सोबत जा. त्याला एकच वाक्य बोलायला सांगा: ‘मी अमक्या कारखान्याला चाललोय, माझी नोंद तिकडं करा आणि गोळ्या द्या.’ सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-११-६६६६. फोन लावून द्या. मध्ये काही दिवस गोळ्या चुकल्या असतील तरी घाबरून घरी बसू नका, आपल्या मनानं पुन्हा सुरूही करू नका. डॉक्टरकडं जा, ते ठरवतील पुढं काय. कुणी रागावलं तर मला सांगा, मी येतो सोबत.

मुकादम मंडळींपैकी बरेच जण ही पोस्ट वाचतील हे मला माहीत आहे, तुमच्यातले कितीतरी माझे मित्र आहेत. तुम्हाला हिशोबातच सांगतो. अर्धवट औषधाचा माणूस जानेवारीत रक्त थुंकायला लागला की कोयता मोडतो आणि त्याच कोपीत झोपणारी बाकीची माणसंही धोक्यात येतात. महिन्याचा एक दिवस सोडणं त्यापेक्षा स्वस्त आहे.

मी माझ्याकडून या सहा मागण्यांचं निवेदन जिल्हा क्षयरोग कार्यालयाला आणि आपल्याकडच्या टोळ्या जातात त्या कारखान्यांना पाठवतोय. उत्तर आलं तर इथंच टाकेन, नाही आलं तरी टाकेन. ज्यांना सही करायची आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आणि एक विनंती, कमेंटमध्ये कुणा पेशंटचं नाव लिहू नका. गावाचं आणि कारखान्याचं नाव पुरेसं आहे.